महाविद्यालयीन बेसबॉलचे स्वप्न आणि पालकांची कसोटी

जून २०१९ मध्ये अमेरिकेतील नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून खेळणाऱ्या कुमार रॉकर या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ड्यूक विद्यापीठाच्या एकाही फलंदाजाला हिट मिळू दिली नाही आणि एकाच सामन्यात १९ वेळा फलंदाजांना ‘स्ट्राइकआउट’ केले. त्याच महिन्यात त्याच्या संघाने ओमाहा येथील कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकली आणि स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. कुमारची आई भारतीय वंशाची. वडील ट्रेसी रॉकर हे अमेरिकन फुटबॉलमधील नामवंत खेळाडू आणि प्रशिक्षक. आदल्याच वर्षी, शाळा संपताना, एका व्यावसायिक संघाने कुमारची निवड केली होती. परंतु ती बाजूला ठेवून तो विद्यापीठात दाखल झाला होता.

पुढील वाटचाल मात्र सरळ झाली नाही. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले, पण वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. २०२२ मध्ये टेक्सास रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर निवडल्यानंतर २०२३ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया करावी लागली. सर्वोच्च व्यावसायिक पातळीवरचा पहिला सामना तो सप्टेंबर २०२४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी खेळू शकला.

कुमारसारखी गुणवत्ता लाखांत एखाद्यालाच लाभते. तरीही अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या मुलाच्या घरात जे प्रश्न वर्षानुवर्षे घोळत असतात, ते सर्व या एका कहाणीत आले आहेत. शिक्षण आधी की व्यवसाय? खांद्या-कोपरावर किती भार टाकायचा? आणि निर्णय कोणाचा, मुलाचा की आई-वडिलांचा? न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही आता लिटल लीगच्या मैदानांवर दिसतात, आणि उन्हाळ्यात नातवंडांकडे गेलेले आजी-आजोबा घडीच्या खुर्च्या मांडून नियम न कळणारा खेळ तासन्‌तास पाहत बसतात. त्यामुळे हा विषय आपल्यालाही अगदीच परका राहिलेला नाही.

शिडी महाविद्यालयातून जाते

भारतात क्रिकेटपटू घडतो तो क्लब, वयोगटांचे संघ आणि राज्य संघटना यांच्या वाटेने. महाविद्यालय हे त्या वाटेवरचे फार तर एक विश्रांतिस्थान. अमेरिकेत मात्र महाविद्यालय हीच शिडीची मुख्य पायरी आहे. शालेय पातळीवर तेथे सुमारे पावणेपाच लाख मुले बेसबॉल खेळतात. महाविद्यालयीन क्रीडा स्पर्धांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या संस्थेच्या संघांपर्यंत त्यांतील शंभरात सात-आठ पोहोचतात, आणि तिच्या पहिल्या विभागात, म्हणजे ‘डिव्हिजन वन’मध्ये, शंभरात जेमतेम दोन. या विभागात बेसबॉलचे सुमारे ३०० संघ आहेत. त्याखाली दुसरा आणि तिसरा विभाग, ‘एनएआयए’ ही स्वतंत्र संघटना आणि दोन वर्षांची कनिष्ठ महाविद्यालये, असा मोठा पसारा आहे.

पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज शिष्यवृत्तीविषयी असतो. मुलगा चांगला खेळला की चार वर्षांचे शिक्षण फुकट होईल, हा हिशेब बेसबॉलमध्ये क्वचितच जुळतो. अनेक दशके डिव्हिजन वनच्या प्रत्येक संघाला जास्तीत जास्त ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढा निधी वाटता येत असे आणि तो २७ खेळाडूंमध्ये विभागला जाई. म्हणजे सरासरीने खेळाडूच्या वाट्याला खर्चाचा निम्मा भागही येत नसे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, ती व्यवस्था स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी ही मर्यादा उठली. त्याऐवजी संघाची कमाल संख्या ३४ ठरली आणि त्या सर्वांना पूर्ण शिष्यवृत्ती देण्यास आता नियमाची आडकाठी उरली नाही. मात्र मर्यादा उठली म्हणजे पैसा आला, असे नव्हे. तेवढा निधी मोजक्या श्रीमंत विद्यापीठांकडेच आहे. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. तेथे गुणवत्तेवर आणि कुटुंबाच्या आर्थिक स्थितीवर मिळणारे साहाय्य तेवढे असते. म्हणूनच बेसबॉलपटूच्या घरात गणिताच्या गुणांना रोख किंमत असते. चेंडूचा वेग वाढवण्यासाठी खर्च केलेल्या डॉलरपेक्षा अभ्यासाला दिलेला तास शुल्कात अधिक सवलत मिळवून देण्याची शक्यता पुष्कळदा जास्त असते.

हे गणित ठाऊक नसलेल्या किंवा ठाऊक असूनही मन मानत नसलेल्या पालकांभोवती गेल्या तीन दशकांत एक बाजारपेठ उभी राहिली आहे. शाळेच्या संघाखेरीज मुले ‘ट्रॅव्हल बॉल’च्या खासगी संघांतून खेळतात. हे संघ उन्हाळाभर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरतात. ‘परफेक्ट गेम’ या १९९५ मध्ये आयोवात सुरू झालेल्या कंपनीसारख्या संस्था स्पर्धा आणि ‘शोकेस’, म्हणजे प्रशिक्षकांसमोर कौशल्य मांडण्याची शिबिरे, भरवतात. तेथे मुलाचे मोजमाप होते: ६० यार्ड धावायला किती सेकंद, बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग किती, कॅचरने झेललेला चेंडू दुसऱ्या बेसवर किती वेळात पोहोचवला, पिचरचा चेंडू ताशी किती मैलांचा. ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या ‘प्रोजेक्ट प्ले’ उपक्रमाच्या पाहणीनुसार, २०२४ मध्ये अमेरिकी कुटुंबाने मुलाच्या मुख्य खेळावर सरासरी १,०१६ डॉलर खर्च केले. २०१९ च्या तुलनेत ही वाढ ४६ टक्के होती. ही सर्व खेळांची सरासरी आहे. विमानप्रवास, हॉटेल आणि खासगी प्रशिक्षक यांची भर पडली की गंभीरपणे खेळणाऱ्या मुलाचा खर्च याच्या कितीतरी पट होतो.

या बाजारात सारेच फसवे आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. लहान गावातला मुलगा प्रशिक्षकांच्या नजरेस पडतो तो अशाच स्पर्धांमधून. परंतु बारा वर्षांच्या मुलाला राष्ट्रीय क्रमवारीत कितवे स्थान आहे, हे पाहण्यात कोणत्याही महाविद्यालयाला रस नसतो. त्या वयातील फरक बहुधा कौशल्याचा नसून कोणाला मिसरूड आधी फुटले, याचा असतो. तसेच विद्यापीठाच्या शिबिराचे निमंत्रण पत्रपेटीत आले की घरात पेढे वाटण्याचे कारण नाही. अशी पत्रे शेकडो मुलांना जातात, आणि शिबिराचे शुल्क हे अनेक ठिकाणी संघाच्या उत्पन्नाचे एक साधन असते. प्रशिक्षकाने मुलाचा खेळ पाहिला आहे का, त्याविषयी त्याने काही नेमके लिहिले आहे का, एवढे पाहिले तरी त्या पत्राचे मोल कळते.

सर्व चेंडू कोण मोजतो?

पैसा गेला तर पुन्हा मिळवता येतो. कोपराचे तसे नसते.

क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर ठरावीक मर्यादेपलीकडे सरळ केले तर तो नोबॉल ठरतो. बेसबॉलचा पिचर नेमके तेच करतो. वाकलेले कोपर विलक्षण वेगाने सरळ होते आणि त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा अस्थिबंधावर जबरदस्त ताण येतो. प्रौढ पिचरमध्ये हा अस्थिबंध झिजतो वा तुटतो. वाढीच्या वयातील मुलांमध्ये तर हाडाच्या टोकाशी असलेली, अद्याप न पिकलेली कूर्चाच दुखावते. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपरात दुसऱ्या हाताचा स्नायुबंध बसवला. १९७६ मध्ये तो मैदानावर परतला आणि त्यानंतर त्याने आणखी १६४ सामने जिंकले. शस्त्रक्रियेला त्याचेच नाव पडले. या यशाची एक दुर्दैवी सावलीही आहे. शस्त्रक्रियेनंतर हात पूर्वीपेक्षा बळकट होतो, अशी समजूत अनेक मुलांमध्ये आणि पालकांमध्ये रूढ झाली. वास्तवात परतण्यास साधारणतः वर्ष ते दीड वर्ष लागते आणि प्रत्येक जण परततोच असे नाही. २००७ ते २०११ या काळातील विम्याच्या नोंदींवर आधारित अभ्यासात, अमेरिकेतील या शस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून अधिक १५ ते १९ वयोगटातील रुग्णांवर झाल्याचे आढळले. हे व्यावसायिक खेळाडू नव्हेत, शाळा-महाविद्यालयांतील मुले.

कारणे अज्ञात नाहीत. अलाबामातील बर्मिंगहॅम येथील अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००६ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या किशोर पिचरांची तुलना निरोगी पिचरांशी केली. वर्षातून आठ महिन्यांहून अधिक काळ स्पर्धात्मक सामन्यांत चेंडू टाकणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट आढळली, आणि हात थकलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्यांमध्ये तब्बल ३६ पट. त्याच संस्थेने ४८१ मुलांचा दहा वर्षे मागोवा घेऊन २०११ मध्ये दाखवून दिले, की वर्षात १०० हून अधिक डाव टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीनपट असतो. मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातही दुखापतींच्या वाढीचे मूळ प्रत्येक चेंडू कमाल वेगाने टाकण्याच्या हव्यासात असल्याचे म्हटले आहे. हा हव्यास आता शालेय वयापर्यंत उतरला आहे. शोकेसमध्ये वेग मोजणारी रडार गन समोर धरलेली असताना कोणता मुलगा हात राखून टाकेल?

मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ ही मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार ११-१२ वर्षांच्या मुलाने दिवसाला ८५, १३ ते १६ वयात ९५ आणि १७-१८ व्या वर्षी १०५ यांपेक्षा अधिक चेंडू टाकू नयेत. १५-१६ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ७५ हून अधिक चेंडू टाकले, तर त्याला पुढे चार दिवस विश्रांती हवी. वर्षातील किमान चार महिने स्पर्धात्मक पिचिंग बंद असावे आणि त्यांत सलग दोन-तीन महिने खांद्यावरून काहीही फेकू नये. पिचर म्हणून खेळलेल्या मुलाने त्याच सामन्यात कॅचर म्हणून उभे राहू नये. शालेय संघांसाठीही २०१७ पासून प्रत्येक राज्य संघटनेला चेंडूंच्या संख्येवर मर्यादा घालणे बंधनकारक झाले.

नियम आहेत, मग दुखापती का होतात? कारण प्रत्येक जण फक्त आपल्यापुरते मोजतो. शाळेचा प्रशिक्षक मंगळवारच्या सामन्यातील ८० चेंडूंची नोंद ठेवतो. शनिवारी ट्रॅव्हल संघाचा प्रशिक्षक आपली पाटी कोरी समजून सुरुवात करतो. रविवारी खासगी प्रशिक्षकाकडे वेग वाढवण्याचा सराव असतो आणि त्याची मोजणी तर कोठेच होत नाही. सोमवारपासून रविवारपर्यंतचे सगळे चेंडू पाहणारी व्यक्ती एकच असते, ती म्हणजे मुलाला गाडीतून नेणारी आई किंवा वडील. पालकांना बेसबॉलचे तंत्र कळण्याची गरज नाही. एक वही, तारीख, टाकलेल्या चेंडूंची संख्या आणि दुसऱ्या दिवशी हात कसा वाटला याची एक ओळ, इतके पुरेसे असते. हीच वही हाती धरून, स्पर्धेच्या अंतिम सामन्यापूर्वी, इतर पालकांच्या देखत ‘आज माझा मुलगा पिचिंग करणार नाही’ असे सांगणे हे मात्र सोपे नसते. संघातील जागा जाण्याची भीती असते, मुलाचा रागही पत्करावा लागतो. शिवाय मुले दुखणे लपवतात. ‘दुखतंय का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते, म्हणून जाणकार डॉक्टर पालकांना वेगळ्या खुणा पाहण्यास सांगतात: नेम अचानक बिघडणे, चेंडू वर वर जाणे, दोन चेंडूंच्या मधला वेळ वाढणे, हात सारखा झटकणे.

एकाच खेळाला लवकर जखडून न घेण्याचा सल्लाही याच कारणासाठी दिला जातो. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या मते, बहुतेक खेळांत पंधरा-सोळा वर्षांपर्यंत विशेषीकरण लांबवणे हिताचे असते. हिवाळ्यात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलाचे बेसबॉलमध्ये नुकसान होत नाही. उलट त्याच्या कोपराला सक्तीची सुट्टी मिळते.

पत्र मुलानेच लिहावे

निवडीची प्रक्रिया २०२३ मध्ये बरीचशी बदलली. पूर्वी आठवी-नववीतील मुलांनाही तोंडी आश्वासने मिळत. आता डिव्हिजन वनचे प्रशिक्षक मुलाच्या अकरावीच्या वर्षाआधीच्या १ ऑगस्टपूर्वी त्याच्याशी निवडीबाबत बोलू शकत नाहीत किंवा जागा देऊ करू शकत नाहीत. नियमाने मिळालेला हा अवधी म्हणजे पालकांवर केलेला उपकारच मानला पाहिजे. या काळात करण्यासारखे खरे काम अभ्यासाचे आहे. डिव्हिजन वनमध्ये खेळण्यासाठी मान्यताप्राप्त १६ मूलभूत विषय आणि त्यांत चारपैकी किमान २.३ गुणांची सरासरी लागते. त्यांतील दहा विषय बारावी सुरू होण्यापूर्वीच पूर्ण झालेले असावे लागतात. नववीत हलगर्जी केलेला मुलगा बारावीत कितीही जोर लावून ते अंतर भरून काढू शकत नाही, आणि हे अनेक घरांत फार उशिरा कळते.

प्रशिक्षकाला पत्र लिहिण्याची वेळ आली की बहुतेक वडिलांचे हात शिवशिवतात. ते पत्र मुलानेच लिहावे, फोनही त्यानेच करावा, हा संकेत जवळजवळ सर्वत्र पाळला जातो. प्रशिक्षक खेळाइतकेच घरही पाहत असतात. सामन्यानंतर स्वतःचे किट मुलगा उचलतो की वडील, पंचाच्या निर्णयावर आई कुंपणापाशी येऊन ओरडते का, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. चार वर्षे त्या कुटुंबाचे फोन त्यांनाच घ्यायचे असतात!

पालकांनी तोंड उघडावे अशी जागा पुढे येते. तोंडी आश्वासन कोणावरही बंधनकारक नसते. पूर्वीचे ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाले आणि आता विद्यापीठाशी होणारा आर्थिक साहाय्याचा करार हाच लेखी आधार उरला आहे. तो किती वर्षांचा आहे, दुखापत झाल्यास साहाय्य चालू राहील का, प्रशिक्षक बदलला तर काय, हे प्रश्न विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. गतवर्षी किती नवे पिचर घेतले आणि त्यांतील किती जण आज संघात आहेत, हा प्रश्न तर अवश्य विचारावा. कारण शाळेतून येणाऱ्या मुलाची स्पर्धा आता केवळ समवयस्कांशी राहिलेली नाही. २०२१ पासून खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाता येते आणि २०२४ नंतर अभ्यासाच्या अटी पूर्ण केल्यास कितीही वेळा. व्यावसायिक निवडीच्या फेऱ्या २०१९ मध्ये ४० होत्या, २०२१ पासून त्या २० झाल्या. परिणामी अधिक मुले महाविद्यालयांकडे वळली, आणि अठरा वर्षांच्या होतकरू मुलापेक्षा बावीस वर्षांचा तयार गडी घेणे प्रशिक्षकांना सोयीचे वाटू लागले.

अशा स्थितीत मोठ्या नावाच्या विद्यापीठाचा हट्ट मुलाला बाकावर बसवण्यास कारणीभूत ठरू शकतो. कनिष्ठ महाविद्यालय म्हणजे कमीपणा, ही भावना विशेषतः भारतीय घरांत प्रबळ आहे. तिला बेसबॉलच्या इतिहासात फारसा आधार नाही. अल्बर्ट पुहोल्स मिसुरीतील एका सामुदायिक महाविद्यालयातून पुढे आला. ब्राइस हार्पर कॉलेज ऑफ सदर्न नेवाडात एक हंगाम खेळला आणि २०१० च्या व्यावसायिक निवडीत पहिला ठरला. जॉर्डन झिमरमन तर शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या विभागातील विस्कॉन्सिन-स्टीव्हन्स पॉइंटचा. नियमातील फरकही लक्षात घेण्याजोगा आहे: चार वर्षांच्या महाविद्यालयात गेलेल्या खेळाडूला सर्वसाधारणपणे तिसरे वर्ष संपेपर्यंत किंवा वयाची २१ वर्षे होईपर्यंत व्यावसायिक निवडीची वाट पाहावी लागते, कनिष्ठ महाविद्यालयातील खेळाडूला ती अट नाही.

घरातील वातावरणाविषयी फार सांगण्याची गरज नाही, कारण ते प्रत्येकाला ठाऊक असते, फक्त आचरणात येत नाही. ब्रूस ब्राऊन आणि रॉब मिलर या प्रशिक्षकांनी अनेक वर्षे महाविद्यालयीन खेळाडूंना बालपणीच्या खेळातील सर्वांत नकोशी आठवण विचारली. पराभव किंवा दुखापत हे उत्तर फारसे आले नाही. सामना संपल्यावर आई-वडिलांबरोबरचा गाडीतील परतीचा प्रवास, असे अनेकांनी सांगितले. बेसबॉलमध्ये उत्तम फलंदाजही दहापैकी सात वेळा अपयशी ठरतो. त्या सात वेळांचे विश्लेषण दर शनिवारी पाऊण तास ऐकावे लागले, तर तेरा-चौदाव्या वर्षी मुलगा बॅट कोपऱ्यात ठेवतो, आणि त्याने ती का ठेवली हे घरात सर्वांत शेवटी कळते.

ज्यांची निवड होते, त्यांचाही हंगाम पालकांच्या कल्पनेपेक्षा वेगळा असतो. फेब्रुवारीच्या मध्यावर, उत्तरेत मैदानांवर अजून बर्फ असताना, डिव्हिजन वनचे सामने सुरू होतात. मे अखेरपर्यंत ५६ सामने, आठवड्याला २० तासांपर्यंत सराव, गुरुवारी बसने निघून रविवारी रात्री परत, सोमवारी सकाळी प्रयोगशाळेतील तास. पहिल्या वर्षाच्या पिचरला या साऱ्या काळात कदाचित पाच-सहा डाव मिळतात. ते कधी मिळणार, हे आधी कोणी सांगत नाही. म्हणून अनेक आई-वडील शेकडो मैल गाडी चालवून येतात, पांघरुणे गुंडाळून थंड बाकांवर तीन तास बसतात आणि मुलगा पिचरांच्या रांगेतून उठून हात सैल करू लागतो का, एवढेच पाहत राहतात.